तारखा दुसऱ्यांच्या हातात

३० जून २०२४ ची रात्र संपली आणि देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याचा कायदा बदलला. १८६० सालची भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची जागा ३५८ कलमांनी घेतली. खुनाचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. फसवणुकीचे ४२० आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात जाऊन बसले. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही त्याच रात्री बदलले. रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे पूर्णगड आहे. तिथल्या सागरी पोलीस ठाण्यातही हा बदल मुंबई-दिल्लीच्या बरोबरीने, त्याच मिनिटाला लागू झाला.

त्या दिवसांत चर्चा झाली ती कलमांची, शिक्षांची आणि वकिलांना पुन्हा कराव्या लागणाऱ्या पाठांतराची. एक काम मात्र फारसे कोणाच्या नजरेत आले नाही. ठाण्यातला गुन्हा आज सीसीटीएनएस या देशव्यापी संगणक यंत्रणेत नोंदवला जातो. केंद्राने २००९ मध्ये तिच्यासाठी २,००० कोटी रुपये मंजूर केले, महाराष्ट्रात ती २०१५ मध्ये सुरू झाली आणि आज देशातली १७ हजारांहून अधिक ठाणी तिला जोडलेली आहेत. कायदा बदलला म्हणून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाला या यंत्रणेत २३ बदल करावे लागले. त्यात नुसती कलमांची यादी बदलून भागणार नव्हते. ३० जूनपर्यंत घडलेल्या गुन्ह्याची तक्रार कोणी नंतर, अगदी वर्षभराने घेऊन आला, तरी तो गुन्हा जुन्याच संहितेखाली नोंदवायचा असतो. म्हणजे जुना कायदा पुसून टाकता येत नाही. दोन्ही कायदे एकाच पडद्यामागे, एकमेकांत न मिसळता, कित्येक वर्षे जिवंत ठेवायचे. आणि हे सगळे ठाणे एक दिवसही बंद न ठेवता.

सॉफ्टवेअरची देखभाल म्हणतात ती ही. यात काहीही मोडलेले नव्हते. ३० जूनला बरोबर चालणारा प्रोग्राम १ जुलैला चुकीचा ठरणार होता, कारण त्याच्या भोवतीचे जग बदलले होते. खाडीत ओढून घेतलेल्या लाकडी होडीची फळी कुजते, ती दिसते, हाताला लागते, आणि सुतार ती बदलतो. सॉफ्टवेअर कुजत नाही. ते जसेच्या तसे राहते आणि नेमके तेवढ्यानेच निकामी होते.

कायद्यातला बदल निदान राजपत्रात छापून येतो, त्याची तारीख आधी कळते, त्यावर संसदेत बोलता येते. खरी अडचण त्याच्या खालच्या थरांत आहे. कोणत्याही सरकारी कार्यालयातला, बँकेतला किंवा दवाखान्यातला संगणक घ्या. सर्वांत खाली एका कंपनीची चिप, तिच्यावर दुसऱ्या कंपनीची विंडोज, त्यावर ब्राउझर, डेटाबेस, मराठी टंकलेखनाची सोय, प्रिंटरचा ड्रायव्हर, अँटीव्हायरस, डिजिटल सहीचे डोंगल. सीसीटीएनएसचा मूळ प्रोग्राम राज्यांना दोन संचांत दिला गेला होता. एक मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर उभा, दुसरा जावावर. म्हणजे आपल्या गरजेसाठी मुद्दाम लिहून घेतलेला भाग सर्वांत वरचा आणि सर्वांत पातळ. बाकी सगळा डोलारा बाजारातून तयार मिळालेल्या मालाचा. हा माल तयार घेतला जातो तो योग्य कारणासाठीच. डेटाबेस स्वतः लिहायला बसलात तर दहा वर्षे त्यातच जातील.

पण तयार माल घेताना त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट येते, जिचा उल्लेख निविदेत सहसा नसतो. त्या मालाचे पुढे काय होणार हे ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याकडेच राहतो. व्हिक्टर बॅसिली आणि बॅरी बोएम या दोन अमेरिकी संशोधकांनी २००१ मध्ये या विषयावर एक छोटा लेख लिहिला. त्यात त्यांनी मांडले की बाजारात मिळणाऱ्या सरासरी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दर आठ-नऊ महिन्यांनी येते आणि विक्रेता शेवटच्या तीनच आवृत्त्यांना आधार देतो. गुणाकार केला तर हाती येतात दोन-सव्वादोन वर्षे. एका यंत्रणेत असे दहा भाग असतील तर दहा वेगवेगळी घड्याळे चालू असतात आणि त्यांतले एकही आपल्या मनगटावर नसते. हे गणित पंचवीस वर्षांपूर्वीचे. आता क्रोम ब्राउझरची नवी आवृत्ती चार आठवड्यांनी येते. याच बोएम यांनी ख्रिस अ‍ॅब्ट्स यांच्यासह १९९९ मध्ये एक निबंध लिहिला होता. तयार भाग वापरणाऱ्याच्या हातात त्या भागाची कामगिरी नसते, वाढीची दिशा नसते, हे भाग एकमेकांशी जुळावेत म्हणून बनवलेले नसतात आणि प्रत्येक विक्रेत्याची वागणूक निराळी असते, अशी त्यांची मांडणी होती. मला यातले तिसरे कलम सर्वांत जड वाटते. जुळवाजुळव करणारा अभियंता कितीही हुशार असो, दोन भागांच्या सांध्यावर जे बिघडते त्याचा मालक कोणीच नसतो.

समुद्रावरचे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकी नौदलाचे आहे. जून १९९४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी आदेश काढला, की लष्करासाठी सगळे खास बनवून घेण्याऐवजी शक्य तिथे बाजारातला माल घ्यावा. युएसएस यॉर्कटाउन या युद्धनौकेवर मग साधे संगणक आणि विंडोज एनटी बसवून कमी खलाशांत जहाज चालवण्याचा प्रयोग झाला. २१ सप्टेंबर १९९७ रोजी व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ एकाने एका रकान्यात शून्य भरले. प्रोग्रामने त्या शून्याने भागण्याचा प्रयत्न केला, बिघाड जाळ्यातून पसरला आणि जहाजाचा पुढे ढकलणारा जोरच गेला. ते सुमारे पावणेतीन तास पाण्यात नुसते तरंगत राहिले. दोष विंडोजचा की तिच्यावर बसवलेल्या प्रोग्रामचा, यावर पुढे मोठा वाद झाला. त्या वादाचा निकाल काहीही लागो, माझ्या लेखी महत्त्वाचे हे की तो वाद होऊ शकला. एकाच हाताने बनवलेल्या यंत्रणेत तो झाला नसता.

आता आपल्याकडची तारीख पाहू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. २०१५ मध्ये आलेली ही आवृत्ती देशभरातल्या कार्यालयांत, शाळांत, पतपेढ्यांत बसलेली आहे. त्या तारखेनंतर संगणक बंद पडत नाही, उलट नेहमीसारखाच चालतो, आणि म्हणून धोका लक्षात येत नाही. सापडलेल्या नव्या भोकांना ठिगळ मिळणे मात्र थांबते. विंडोज ११ घ्यावी तर तिला संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. कित्येक जुन्या, पण धडधाकट संगणकांत ती नाही. म्हणजे वरच्या थरातल्या एका निर्णयाने खालचा थर भंगारात जातो. ज्या गावात संगणक येण्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो, तिथे अशा एका तारखेची किंमत पुण्या-मुंबईहून कितीतरी जास्त असते. विंडोज एक्सपीच्या वेळी, ८ एप्रिल २०१४ ला, हेच झाले होते. तेव्हा एटीएम यंत्रांची काळजी होती.

दिवाळी अंकांच्या वाचकाला याचे जवळचे उदाहरण द्यायचे तर अक्षरजुळणीचे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम अशा प्रणालींत टंकला जाई आणि पाने लागत पेजमेकरवर. या साधनांनी मराठी प्रकाशनावर मोठे उपकार केले आहेत, ते विसरता कामा नये. पण पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची. अ‍ॅडोबीने पुढे सगळे बळ इनडिझाइनकडे वळवले. त्या फॉन्टांतला मजकूर युनिकोड नसल्याने तो दुसरीकडे नेला की काना-वेलांट्यांचा चुराडा होतो. म्हणून छापखान्यांच्या कोपऱ्यात एखादा जुना संगणक, जुन्या विंडोजसकट, इंटरनेटपासून तोडून सांभाळला जातो. जुनी फाइल उघडायची तर तोच. चार तयार भाग एकमेकांत असे गुंतलेले असतात की एक बदलायचा तर चारही बदलावे लागतात, आणि मग एकही बदलला जात नाही. असा संगणक टिकवून धरणारे जुळारी आणि डीटीपीवाले हे खऱ्या अर्थाने देखभालीचे अभियंते आहेत. त्यांना तसे कोणी म्हणत नाही, एवढेच.

पूर्णगडच्या खाडीत परत येऊ. कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारी नौकांवर आता जीपीएस, मासे शोधणारा फिश फाइंडर, व्हीएचएफ वायरलेस आणि खिशात मोबाइल असा सरंजाम असतो. तो सगळा बाजारातून घेतलेला, आणि प्रत्येक डब्याच्या आत कोणीतरी लिहिलेला प्रोग्राम. त्यातल्या जीपीएसची एक गोष्ट प्रत्येक तांडेलाला माहीत असायला हवी. उपग्रह आठवडे मोजतात. मूळ संदेशात त्या मोजणीला दहाच बिट दिलेले, म्हणजे शून्य ते १०२३. १,०२४ आठवडे झाले, साधारण १९.६ वर्षे, की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६ जानेवारी १९८० पासून सुरू झालेली ही मोजणी ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आणि ६-७ एप्रिल २०१९ च्या रात्री दुसऱ्यांदा शून्यावर आली. ज्या उपकरणाच्या प्रोग्रामने याची तजवीज केली नव्हती, ते एका रात्रीत वीस वर्षे मागे गेले. न्यूयॉर्क शहराचे सरकारी बिनतारी जाळे त्या रात्री कोलमडले आणि पूर्ववत व्हायला दहाएक दिवस लागले. इशारा वर्षभर आधी मिळालेला होता.

यातली अधिक फसवी गोष्ट पुढे आहे. अनेक बनावटीच्या उपकरणांत कारखान्याने स्वतःची सुरुवातीची तारीख घातलेली असते, म्हणून त्यांचे १,०२४ आठवडे त्या दिवसापासून मोजले जातात. अशा उपकरणाची तारीख कधी उलटणार, हे उपग्रहांच्या वेळापत्रकावरून कळत नाही. ते फक्त त्या कारखान्याला माहीत. तो कारखाना बंद पडला असेल, किंवा त्या मॉडेलचे नवे फर्मवेअर काढणे त्याने थांबवले असेल, तर नौकेचा मालक काय करणार? डबा बदलणार. पण डब्यात वर्षानुवर्षांच्या खुणा साठवलेल्या असतात. कुठे खडप आहे, कुठे बुडालेल्या गलबतात जाळे अडकते, कुठल्या महिन्यात कुठे मासळी लागते. दोन कंपन्यांचे डबे या खुणा एकमेकांना देतीलच असे नाही. ही माहिती मच्छीमाराने कमावलेली. तिचा साचा मात्र कंपनीचा. मला हा सरळसरळ मालमत्तेचा प्रश्न वाटतो आणि मत्स्यव्यवसाय खात्याने तो तसाच हाताळायला हवा. उपकरणासाठी अनुदान देताना खुणा बाहेर काढून दुसरीकडे भरता येतील अशी अट एका ओळीत घालता येते.

हे आत्ताच म्हणण्याला कारण आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांच्या संपर्क यंत्रणेचेही उद्घाटन झाले. खर्च सुमारे ३६० कोटी रुपये, तेरा किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश, एक लाख ट्रान्सपाँडर. तंत्रज्ञान इस्रोचे. मोबाइलची रेंज संपते तिथूनही नौकेला संदेश पाठवता येतो, संकटाची हाक देता येते, वादळाचा इशारा मिळवता येतो. किनाऱ्यावरच्या माणसाला याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. ही योजना यशस्वी व्हावी असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच तिच्या पाचव्या, आठव्या, बाराव्या वर्षाचा विचार पहिल्या वर्षीच व्हावा असेही वाटते. तंत्रज्ञान देशी असले तरी एवढ्या मोठ्या यंत्रणेला बॅटरी, मोबाइल, त्यातले अ‍ॅप आणि अँड्रॉइडची आवृत्ती हे भाग बाजारातलेच लागतात. खारे वारे आणि बॅटरी यांचे वैर तर किनाऱ्यावर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

इथे कोणी म्हणेल, मग सोपे आहे, विक्रेता पाठवील ते प्रत्येक अपडेट लगेच घ्यावे. २७ जून २०१७ ने हे उत्तर कायमचे मोडीत काढले. युक्रेनमध्ये करभरणीसाठी एमईडॉक नावाचे तयार सॉफ्टवेअर तेव्हा सर्रास वापरले जाई. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा अपडेट पाठवण्याचा मार्गच ताब्यात घेतला आणि अधिकृत अपडेट म्हणून नॉटपेट्या हा विषाणू पाठवला. मेर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेत तो शिरला आणि कोकणच्या उत्तर भागात, न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातले मेर्स्कच्याच गटाकडे असलेले टर्मिनल ठप्प झाले. युक्रेनच्या हिशेबनिसांसाठी बनवलेल्या एका प्रोग्राममुळे उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्या खोळंबल्या. मेर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. ते जमले, कारण घानातल्या कार्यालयातला एक सर्व्हर हल्ल्याच्या वेळी वीज गेल्याने बंद होता आणि त्यावर जाळ्याची एकमेव शाबूत प्रत उरली होती.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीचे सदोष अपडेट आले, तेव्हा तर हल्लेखोरही नव्हता. सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर थांबले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्याला दोन आठवडेही झाले नव्हते तोच ३१ जुलैला सी-एज या कंपनीवरचा खंडणीखोर हल्ला उघड झाला. सहकारी आणि ग्रामीण बँकांना बँकिंगची तयार यंत्रणा पुरवणारी ही कंपनी. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला जाळ्यातून तोडले आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय व्यवहार अडकले. त्या बँकांच्या स्वतःच्या इमारतीत काहीही घडलेले नव्हते. यंत्रणा भाड्याची असेल, तर तिचे संकटही भाड्यानेच येते.

म्हणजे अपडेट न घेणे धोक्याचे आणि डोळे मिटून घेणेही धोक्याचे. मधला मार्ग आहे, पण तो माणसे मागतो. अपडेट आधी बाजूच्या चाचणीच्या संगणकावर लावून पाहायचे, मग थोड्या ठिकाणी, मग सगळीकडे, आणि परतीची वाट तयार ठेवायची. यासाठी पगारावर कोणीतरी हवे. आपल्याकडे खरेदीला मंजुरी मिळते, उद्घाटन होते, वार्षिक देखभालीच्या कराराला मात्र दर वर्षी कात्री लागते. तो करारही बहुतेकदा प्रिंटर, यूपीएस आणि माउसचा.

दुसरा एक मार्ग टपाल खात्याने धरला. २०१३ च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे काम देऊन टपाल खात्याने सॅप हे जगभर विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर टपालाच्या कामासाठी बसवले होते, तर बचत बँकेसाठी इन्फोसिसचे फिनॅकल. पुढे म्हैसूरच्या आपल्याच तंत्रज्ञान केंद्राने नवी यंत्रणा लिहिली. ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत ती देशातल्या दीड लाखाहून अधिक डाकघरांत पोहोचली आणि ४ लाख ६० हजारांवर कर्मचाऱ्यांना तिचे प्रशिक्षण दिले गेले. खात्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला प्रोग्राम एवढ्या मोठ्या पसाऱ्यावर चालवावा, याचा मला अभिमान वाटतो. पण यातून तारखा पूर्णपणे आपल्या हातात आल्या असे समजू नये. त्यालाही खाली क्लाउड आहे, डेटाबेस आहे, गावच्या शाखा डाकघरात पोस्टमास्तरच्या हातात मोबाइल आहे. बदलले ते एवढेच, की सगळ्यात वरचा थर दुरुस्त करायला आता कोणाची परवानगी लागत नाही. आणि तो थर पुढची वीस वर्षे सांभाळणारी माणसे म्हैसूरला टिकली, तरच त्याचा उपयोग.

तारखा परत आपल्याकडे आणायची सर्वांत स्वस्त सुरुवात एका यादीपासून होते. यंत्रणेत कोणते भाग आहेत, कोणाचे, कुठली आवृत्ती, आधार कधी संपणार. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या छोट्या फुकट भागात भोक सापडले तेव्हा जगभरच्या मोठमोठ्या संस्थांचे बरेचसे दिवस तो भाग आपल्याकडे आहे की नाही हे शोधण्यात गेले. त्या अनुभवानंतर अशा याद्यांचा आग्रह वाढला. आपल्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या भागांच्या यादीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जुलै २०२५ मध्ये त्या वाढवून यंत्रभागांपर्यंत नेल्या. यादी विक्रेत्याने द्यावी, खरेदीदाराने मागावी, ही त्यामागची भूमिका. जिल्हा परिषद, नगरपालिका, पतसंस्था, मच्छीमार सोसायटी यांपैकी कोणालाही पुढच्या खरेदीपासून ही अट घालता येईल. यादी मिळाली की ती वाचणारा माणूस नेमावा लागेल. जिल्ह्याला असे चार-पाच तरुण पुरतील, आणि रत्नागिरीत अभियांत्रिकी शिकून मुंबईची गाडी पकडणाऱ्या मुलामुलींत ते आहेतच.

ट्रान्सपाँडरच्या बाबतीत तर किनाऱ्याकडे एक सोय आयती आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका किनाऱ्याला ओढलेल्या, इंजिने उघडलेली, जाळी दुरुस्तीला पसरलेली. सगळी उपकरणे एकाच वेळी हाताशी येण्याचा वर्षातला हा एकमेव काळ. फर्मवेअर बदलायचे, बॅटरी तपासायची, मोबाइलवरचे अ‍ॅप नव्या अँड्रॉइडशी जुळते का पाहायचे, संकटाची कळ दाबून हाक खरोखर पोहोचते का ते बघायचे, तर याच दोन महिन्यांत, पूर्णगडसारख्या प्रत्येक बंदरावर, सोसायटीच्या यादीत नौकेच्या नोंदणी क्रमांकासमोर तारीख टाकून. विक्रेत्याच्या करारात आज लिहिण्याजोगी वाक्ये तीन आहेत: समुद्रावर असलेल्या उपकरणावर ऑगस्ट ते मे सुरक्षेच्या तातडीशिवाय अपडेट लादायचे नाही, बंदीच्या काळात तंत्रज्ञ बंदरावर पाठवायचा, आणि २० नोव्हेंबर २०३८ च्या रात्री जीपीएसचे आठवडे तिसऱ्यांदा शून्यावर येतील तेव्हा हे उपकरण काय करील, ते आत्ताच लेखी द्यायचे.